कोलोनचा दप्तरखाना: भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात गेलेली हजार वर्षं

प्रकरण काय आहे

३ मार्च २००९, दुपारचे दोन वाजायला दोन मिनिटं कमी. जर्मनीतल्या कोलोन शहरात सेवेरिन रस्त्यावर असलेली ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत पुढे झुकली आणि काही क्षणांत दारासमोर खणलेल्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात कोसळली. शेजारच्या घरांमधले दोन तरुण गेले. एक १७ वर्षांचा, दुसरा २४ वर्षांचा. शहराच्या हजारेक वर्षांच्या कागदपत्रांपैकी सुमारे ९० टक्के ढिगाऱ्याखाली गेली.

त्या दिवशी भूकंप झाला नव्हता, पूर आला नव्हता, आगही लागली नव्हती. त्यामुळे हे प्रकरण निर्णयांचं आहे, आणि म्हणूनच सविस्तर लिहिण्याजोगं आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावं मी घेतलेली नाहीत, त्यांचं काम सांगितलं की पुरतं. शहर मात्र झाकून ठेवता येणार नाही, कारण काय गमावलं हे समजायला आधी ते शहर कोणतं हे कळायला हवं.

पार्श्वभूमी: कागदावर जगलेलं शहर

आपल्याकडे तापात कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायची पद्धत होती, तेच हे कोलोन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका इटालियन अत्तरवाल्याने इथे बनवलेलं सुगंधी पाणी शहराच्या नावाने जगभर गेलं. पण तोवर हे शहर साडेसोळाशे वर्षांचं झालेलं होतं. ऱ्हाइन नदीकाठच्या वस्तीला इ.स. ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसने 'कोलोनिया'चा, म्हणजे पूर्ण हक्क असलेल्या रोमन नगराचा दर्जा दिला. त्याची राणी अग्रिपिना इथेच जन्मली होती. माहेराला मिळालेला हा मान शहराने नावात कायमचा जपला. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या फर्मानात कोलोनच्या ज्यू रहिवाशांना नगरसभेत घेण्याचा उल्लेख येतो. आल्प्सच्या उत्तरेला ज्यू वस्ती असल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा.

११६४ मध्ये इथल्या आर्चबिशपने मिलानहून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या 'तीन राजां'चे अवशेष आणले आणि कोलोन हे युरोपातलं मोठं तीर्थक्षेत्र झालं. त्या अवशेषांना साजेसं कॅथीड्रल बांधायला १२४८ मध्ये सुरुवात झाली, ते पुरं झालं १८८० मध्ये. पर्यटक तेच बघायला येतात. मला मात्र या शहराचा खरा स्वभाव दुसरीकडे दिसतो. कोलोनने आपल्याच धर्मगुरूशी लढून स्वातंत्र्य मिळवलं. १२८८ च्या वोरिंगनच्या लढाईत आर्चबिशपचा पराभव झाला आणि शहरावरची त्याची सत्ता संपल्यात जमा झाली. १३९६ मध्ये कारागीर आणि व्यापारी यांच्या बावीस गटांनी मिळून एक करारपत्र केलं आणि जुन्या सरदार घराण्यांच्या हातून कारभार काढून घेतला. फ्रेंच सैन्य १७९४ मध्ये येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षं, ते करारपत्र शहराची राज्यघटना म्हणून चाललं.

राजा नाही, बिशपला बाहेर ठेवलेलं, मग हक्क टिकवायचे कशाच्या जोरावर? लेखी पुराव्याच्या. १२५९ पासून कोलोनला असा हक्क होता की ऱ्हाइनवरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपला माल इथे उतरवून तीन दिवस विक्रीला ठेवलाच पाहिजे. असला हक्क शेजारी सुखाने मानत नाहीत, मूळ पत्र काढून दाखवावं लागतं. घरांच्या मालकीच्या नोंदी इथे बाराव्या शतकापासून लिहिल्या जात होत्या, आजच्या सात-बाऱ्याचं काम त्या करायच्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने नगरभवनाला उंच मनोरा बांधला, त्यातच दस्तऐवजांसाठी खास खोली ठेवली. कारभाराच्या छपराखाली कागद, आणि कागदाच्या जोरावर कारभार.

असं साठत साठत २००९ पर्यंत अभिलेखागारात सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या फळ्या भरतील एवढा ऐवज झाला होता. सर्वांत जुना दस्तऐवज ९२२ सालचा. शिक्कामोर्तब असलेली ६५ हजार पत्रं, लाखाहून अधिक नकाशे आणि आराखडे, मध्ययुगीन तत्त्वज्ञ आल्बर्टस मॅग्नसच्या स्वहस्ताक्षरातलं हस्तलिखित, सोळाव्या शतकातल्या हर्मान वाइन्सबर्ग नावाच्या नगरसेवकाने आयुष्यभर लिहिलेल्या घरगुती आठवणी, संगीतकार ओफेनबाखचे कागद. कोलोनमध्येच जन्मलेला नोबेल मानकरी लेखक हाइनरिख ब्योल याच्या कागदपत्रांचा मोठा भाग तर दुर्घटनेच्या काही आठवडे आधीच शहराने विकत घेतला होता.

पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल सोडून बसलेल्यांना कल्पना येईल की अशा साठ्याची किंमत एखाद्या देखण्या पत्रात नसते, सलगपणात असते. पिढ्यान् पिढ्या त्याच शहराने तेच हिशेब, तेच तंटे, तेच ठराव न खंडता लिहीत जाणं, हे जर्मनीत फार थोड्या ठिकाणी शिल्लक होतं. शिल्लक राहिलं त्याचं एक कारण दुसऱ्या महायुद्धात दडलेलं आहे. कोलोनवर २६२ हवाई हल्ले झाले. ३० मे १९४२ च्या रात्री तर एकाच वेळी हजार विमानं आली. जुनं शहर जवळजवळ भुईसपाट झालं. अभिलेखागाराने मात्र काही गमावलं नाही, कारण ऐवज वेळीच शहराबाहेर हलवला होता.

हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्याच्या उलट घडलं.

अडचण: दारासमोरचं खोदकाम

१९७१ मध्ये अभिलेखागार सेवेरिन रस्त्यावरच्या नव्या इमारतीत आलं. ही इमारत तिच्या क्षेत्रात नावाजलेली. जाड विटांच्या भिंती, अरुंद खिडक्या, वातानुकूलनाच्या यंत्रांवर फारसं न विसंबता आतलं तापमान आणि दमटपणा स्थिर राहील अशी रचना. 'कोलोन पद्धत' म्हणून इतर देशांतल्या अभिलेखागारांनीही तिचा अभ्यास केला. हवा, ऊन, ओल, आग, सगळ्याचा विचार झाला होता. पायाखालची जमीन सरकेल हा विचार १९७१ मध्ये कुणी करायचं कारणच नव्हतं.

२००४ मध्ये उत्तर-दक्षिण भुयारी मार्गाचं काम सुरू झालं. साधारण चार किलोमीटरची ही रेषा मुख्य रेल्वे स्थानकापासून जुन्या शहराच्या पोटातून दक्षिणेकडे जाणार होती. रोमन आणि मध्ययुगीन थरांखालून, ऱ्हाइनच्या काठाने, जिथे जमीन म्हणजे वाळू आणि गोटे आणि त्यात भरलेलं पाणी. अभिलेखागारासमोर, वाइडमार्क्ट नावाच्या चौकाजवळ, गाड्यांना रूळ बदलता यावेत म्हणून मोठं भूमिगत दालन हवं होतं. त्यासाठी सुमारे २८ मीटर खोल खड्डा घ्यायचा ठरलं.

पहिला इशारा लवकर मिळाला. सप्टेंबर २००४ मध्ये त्याच मार्गावरच्या सेंट योहान बाप्टिस्ट चर्चचा मनोरा कलला. लोकांनी त्याची थट्टा केली, फोटो काढले. मनोरा पुढच्या वर्षी यंत्रांनी सरळ करण्यात आला आणि विषय मिटला असं धरलं गेलं. अभिलेखागाराच्या भिंतींनाही तडे दिसू लागले. कर्मचाऱ्यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातले. २००८ च्या अखेरीस तज्ज्ञाकडून तपासणी झाली. इमारतीच्या स्थैर्याला धोका नाही, असा निष्कर्ष आला.

देखरेखीची व्यवस्थाही पाहायला हवी. शहराच्या मालकीची वाहतूक कंपनी या कामाची मालक होती आणि कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारीही तिच्याचकडे होती. काम करणारा खासगी बांधकाम कंपन्यांचा समूह होता. म्हणजे ज्याला काम लवकर आणि अंदाजपत्रकात पुरं करायचं होतं, त्यालाच ते नीट चाललंय का हे बघायचं होतं. यात बेकायदा काहीच नव्हतं, आणि माझ्या मते तीच अडचण आहे.

पहिला निर्णय: जो कुणी घेतलाच नाही

तडे दिसल्यापासून इमारत कोसळेपर्यंत कोणते रस्ते मोकळे होते?

एक, इमारत रिकामी करायची. तीस किलोमीटर ऐवज हलवायचा म्हणजे जागा, पैसा, मनुष्यबळ आणि काही वर्षं. शिवाय हलवतानाही कागद खराब होतात. निव्वळ शंकेवर एवढा खर्च मागायला कोणताही अधिकारी कचरेल. दोन, फक्त अमोल ऐवज, म्हणजे ती ६५ हजार पत्रं आणि मध्ययुगीन हस्तलिखितं, खोदकाम सुरू असेपर्यंत दुसरीकडे ठेवायची. हे जमण्यासारखं होतं. तीन, काम थांबवून जमिनीखालची भिंत पुन्हा तपासायची. चार, इमारतीची हालचाल मोजत राहायची.

झालं ते चौथं. मोजमाप होत राहिलं, काम चालू राहिलं, कागद जागेवर राहिले. दुसरा पर्याय कुणीतरी मांडून नाकारला असता तर निदान तो निर्णय तरी झाला असता. प्रत्येक तपासणीत विचारलेला प्रश्न 'इमारत उभी राहील का' हा होता. 'उभी राहिली नाही तर आत काय आहे' हा प्रश्न स्थापत्य अभियंत्याचा नव्हता. तो अभिलेखपालाचा होता, आणि भुयारी रेल्वेच्या बैठकीत अभिलेखपालाच्या शब्दाला वजन नसतं.

युद्धात हाच ऐवज वाचला होता. तेव्हा धोका जाहीर होता, भोंगे वाजत होते, कागद हलवायला कुणाची परवानगी मागताना लाज वाटत नव्हती. शांततेत धोक्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यावर तज्ज्ञाचा अभिप्राय मागवला जातो.

३ मार्च

खड्ड्यात काम करणाऱ्या कामगारांना पाणी आत घुसताना दिसलं. ते वर धावले, आणि धावताना त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना आणि अभिलेखागारातल्या माणसांना ओरडून बाहेर काढलं. वाचनकक्षातले अभ्यासक हातातलं टाकून पळाले. इमारतीतली सगळी माणसं वाचली ती या काही मिनिटांमुळे. शेजारच्या घरात त्या वेळी असलेल्या दोन तरुणांपर्यंत ही हाक पोचली नाही.

जमिनीखाली घडलं ते असं. खड्ड्याच्या तळाकडून पाणी, वाळू आणि गोटे यांचा लोंढा आत शिरला, सुमारे पाच हजार घनमीटर. तेवढी माती इमारतीच्या पायाखालून निघून गेली. वर कितीही मजबूत भिंती असल्या तरी खाली पोकळी झाल्यावर त्यांचा उपयोग काय?

दुसरा निर्णय: ढिगारा म्हणजे कचरा की ऐवज

पहिले दिवस अर्थातच माणसांच्या शोधाचे होते. खचणाऱ्या कडा थोपवायला खड्ड्यात काँक्रीट ओतावं लागलं. त्याने काही कागद कायमचे गाडले जातील याची जाणीव असूनही ते केलं गेलं, आणि त्यात दुमत असू नये.

त्यानंतर मात्र एक मोठा प्रश्न उभा राहिला. विटा, लोखंड, चिखल आणि कागद यांचा एकजीव झालेला डोंगर समोर. लवकर मोकळा करायचा तर यंत्रं लावायची, मोठे गठ्ठे वेचायचे, बाकी डंपरमध्ये. शहराने ठरवलं की काहीच कचरा म्हणून टाकायचं नाही. अग्निशमन दलाने आणि आपत्ती निवारण पथकांनी ढिगारा थराथराने उचलला, त्यावर तात्पुरतं छप्पर घातलं आणि उचललेला मलबा एका मोठ्या सभागृहात नेऊन हाताने पुन्हा वेचला. पोर्त्स या उपनगरातल्या गोदामात प्रथमोपचार केंद्र उघडलं. देशोदेशीचे संवर्धक, अभिलेखपाल आणि निवृत्त शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत हजाराहून अधिक स्वयंसेवक तिथे पाळ्यांनी उभे राहिले. कोरडे कागद ब्रशने साफ करून खोक्यात, ओले कागद वेगळे.

ओल्या कागदाला वेळ नसतो. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून भिजलेले गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट गोठवण्यात आले. गोठलेला कागद वाट बघू शकतो. पुढे निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून तो सुकवता येतो, पानं न फुगता, शाई न पसरता. ही पद्धत नवी नव्हती. नवा होता तो आकार, इतक्या मोठ्या प्रमाणावर तिचा वापर.

त्याच धांदलीत एक निर्णय झाला ज्याची किंमत शहर आजवर मोजतं आहे. साफ केलेला ऐवज ठेवायला कोलोनमध्ये जागा नव्हती. जर्मनीभरच्या वीसेक अभिलेखागारांनी आपल्या फळ्या रिकाम्या करून दिल्या, त्यांना 'आश्रय अभिलेखागारं' म्हटलं गेलं. पण खोकी भरली गेली ती सापडेल त्या क्रमाने. १४६० चं पत्र, १९६० ची फाइल आणि कुणाच्या तरी वास्तुरेखाटनांचा अर्धा कागद एकाच खोक्यात, आणि त्याच फाइलचा उरलेला भाग तीनशे किलोमीटर दूर. पानं वाचली, पण क्रम हरवला. अभिलेखागारात क्रम म्हणजे अर्धा अर्थ. हे टाळता आलं असतं का? मला नाही वाटत. गोदामाच्या दाराशी ट्रक उभे असताना प्रत्येक कागद ओळखत बसले असते तर बुरशीने ती निवड करून टाकली असती. नंतर प्रत्येक वस्तूला बारकोड लावून, काय कुठे आहे याची संगणकीय नोंद करत ते पुन्हा जुळवायला घेतलं गेलं. सुटलेली गाठ होती, पण डोळ्यांदेखत सोडलेली.

तिसरा निर्णय: पाण्याखालचा भाग

वरचा ढिगारा संपला तरी काही ऐवज भूजल पातळीच्या खाली, खड्ड्याच्या गाळात होता. तो सोडून द्यावा असा हिशेबी युक्तिवाद सहज करता आला असता. तिथे पोचायला स्वतंत्र संरक्षक बांधकाम करावं लागणार होतं, खर्च लाखो युरोंचा आणि हाती काय लागेल याचा भरवसा नाही. शहराने ते बांधकाम केलं आणि २०११ च्या ऑगस्टपर्यंत खालचे कागद वर काढले. एकूण ऐवजापैकी सुमारे ९५ टक्के परत मिळाला.

मला स्वतःला हा या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. त्या ९५ टक्क्यांत फार थोडं साबूत होतं. साधारण तिसऱ्या हिश्श्याला जबर इजा, निम्म्याला मध्यम ते मोठी, आणि जेमतेम सातव्या भागाला किरकोळ. एकट्या संवर्धकाने हे काम करायचं म्हटलं तर सहा हजारांहून जास्त वर्षं लागतील, असा अंदाज निघाला. शिवाय लाखो तुकडे. टपालाच्या तिकिटाएवढ्यापासून पानाएवढे. त्यांना कामकऱ्यांनी 'कोलोनचे पापुद्रे' असं नाव दिलं. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी फाडलेल्या फाइली जुळवण्यासाठी बर्लिनच्या फ्राउनहोफर संस्थेत जे संगणकीय तंत्र तयार झालं होतं, तेच पुढे या पापुद्र्यांसाठी वापरायला घेतलं. कागदाचा रंग, शाई, ओळींमधलं अंतर, फाटलेली कड, यांवरून यंत्र जोड्या सुचवतं आणि माणूस त्या पारखतो.

जे आधीच केलेलं होतं

शहराला एका गोष्टीने हात दिला, आणि तिचं श्रेय २००९ च्या कुणाकडेच जात नाही. दक्षिण जर्मनीत फ्रायबुर्गजवळ ओबररीड गावी डोंगरातला एक जुना खाणबोगदा आहे. युद्धात सांस्कृतिक ठेव्याचं रक्षण व्हावं या १९५४ च्या हेग करारानुसार १९७५ पासून जर्मनी तिथे आपल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांची सूक्ष्मपटं (मायक्रोफिल्म) पोलादी डब्यांत ठेवत आली आहे. कोलोनच्या जुन्या दस्तऐवजांचा मोठा भाग त्यात होता. कागदाचा पोत नाही, मोहोर नाही, पण मजकूर तरी सुरक्षित.

अणुयुद्धाच्या धास्तीने केलेली तरतूद एका मेट्रोच्या खड्ड्यावर कामी आली. तिची मर्यादाही तितकीच ठळक. छायाचित्रण जुन्या आणि सरकारी कागदांचं झालं होतं. विसाव्या शतकातले खासगी संग्रह, लेखक-वास्तुकारांचे कागद, छायाचित्रं यांच्या प्रती बहुतांशी नव्हत्याच. म्हणजे ब्योलची हस्तलिखितं मध्ययुगीन पत्रांपेक्षा जास्त उघड्यावर होती.

दुसरी मदत वाचकांकडून आली. दुर्घटनेनंतर दोनेक आठवड्यांतच काही इतिहास-अभ्यासकांनी एक संकेतस्थळ उघडलं आणि आवाहन केलं: गेल्या काही वर्षांत वाचनकक्षात बसून तुम्ही काढलेले फोटो, झेरॉक्स, सूक्ष्मपटाच्या प्रती पाठवा. लोकांनी कपाटं उघडली. बऱ्याच अभिलेखागारांना वाचकाने फोटो काढलेले खपत नाहीत. त्यांनी या प्रसंगाकडे नीट पाहावं.

कारण आणि जबाबदारी

खड्डा घेण्याआधी त्याच्या कडेने जमिनीत खोल, अरुंद चर खणून त्यात काँक्रीट ओततात आणि एकेक पट्टा जोडत सलग भिंत उभी करतात. आपल्याकडचे अभियंतेही तिला डायफ्राम वॉलच म्हणतात. कोर्टात पुढे आलेल्या तपासानुसार २००५ मध्ये यातला एक पट्टा, क्रमांक ११, खणताना यंत्राला कठीण अडथळा लागला आणि त्याची अवजारं मोडली. तो अडथळा पुरता न काढता काम पुढे नेलं. काँक्रीट असायला हवं तिथे मातीचा लांबट भाग तसाच राहिला. चार वर्षं तो टिकला. खड्डा तळापर्यंत गेला तसं बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला आणि माती सुटली.

हे शोधून काढणं सोपं नव्हतं. खड्डा पाणी आणि काँक्रीटने भरलेला. भिंतीपर्यंत जाण्यासाठी वेगळी विहीर बांधावी लागली आणि पाणबुड्यांनी गढूळ पाण्यात चाचपडत पुरावा गोळा केला. मधल्या काळात दुसरीच भानगड उघडकीला आली. या मार्गावरच्या बांधकामात बसवायच्या लोखंडी कड्यांपैकी काही गायब होत्या, भंगारात विकल्या गेल्या होत्या, आणि कामाच्या नोंदी खोट्या होत्या. भूजल उपसण्यासाठी मंजुरीपेक्षा जास्त विहिरीही घेतल्या होत्या. लोखंडाची चोरी हे कोसळण्याचं कारण नव्हतं, पण त्या कामावर कुणाचं लक्ष कुठे होतं हे तिने दाखवलं.

फौजदारी खटला जानेवारी २०१८ मध्ये उभा राहिला. निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाच्या गुन्ह्याला दहा वर्षांची अंतिम मुदत होती, म्हणजे मार्च २०१९ च्या आत पहिला निकाल लागला नसता तर प्रकरण कायद्याने संपलं असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाहतूक कंपनीच्या एका देखरेख अधिकाऱ्याला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, इतर तिघांची सुटका. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये एका वरिष्ठ बांधकाम प्रमुखाला एका वर्षाची, तीही स्थगित. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सुटका रद्द करून पुन्हा सुनावणीचा आदेश दिला.

दिवाणी बाजू वेगळ्या वाटेने गेली. शहराच्या हिशेबाने एकूण नुकसान एक अब्ज युरोंच्या वर होतं. कंपन्यांशी कोर्टात लढत राहायचं, की तडजोड करायची? लढण्याने कदाचित जास्त मिळालं असतं, कदाचित पुढच्या पिढीला. २०२० मध्ये शहराने ६० कोटी युरो आणि खड्ड्यातलं दुरुस्तीचं बांधकाम कंपन्यांनी स्वखर्चाने करायचं, यावर तडजोड केली.

आजची स्थिती

आइफेलवाल भागात नवी इमारत सप्टेंबर २०२१ मध्ये उघडली. पन्नासेक किलोमीटर फळ्यांची जागा, आतच संवर्धनशाळा. आश्रयाला गेलेली खोकी परत आली. दुरुस्ती चालू आहे आणि या शतकाच्या मध्यापर्यंत तरी चालेल. आधी काय दुरुस्त करायचं हे काही प्रमाणात अभ्यासकांच्या मागणीवर ठरतं, जे कुणी मागत नाही ते मागे राहतं. दक्षिणेकडचा मार्ग २०१५ च्या अखेरीस सुरू झाला, उत्तरेकडचा त्याआधी. मधला वाइडमार्क्टचा तुकडा नसल्याने रेषा दोन भागांत चालत राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

मालक आणि देखरेख करणारा एकच नसता तर पट्टा क्रमांक ११ ची नोंद २००५ मध्येच कुणा तिऱ्हाइताने वाचली असती. हे उत्तर सर्वांत सोपं आहे आणि बहुधा खरंही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती हलवण्याची बाब. अमोल ऐवज तात्पुरता हलवण्याचा खर्च रेल्वेच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा होता. रस्त्याखालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या हलवण्याचा खर्च धरतात तसा, न मागता, सुरुवातीलाच. अभिलेखागाराने तड्यांचा पुरावा देत फिरावं ही रचनाच चुकीची. मुंबईत मेट्रो-३ चं काम फोर्टमध्ये आलं तेव्हा दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जुन्या पेटिट ग्रंथालयाला २०१७ मध्ये उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. तिथेही पुरावा देण्याचं ओझं ग्रंथालयावरच होतं.

प्रतींबाबत: जुनं ते आधी, हा क्रम उलटा करून बघायला हवा. मध्ययुगीन पत्रांवर शंभर वर्षं अभ्यासकांनी काम केलंय, त्यांचे मजकूर छापलेले आहेत. कालच दाखल झालेल्या खासगी संग्रहाची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. दाखल करून घेतानाच त्याची प्रत काढायची, यादी नंतर. ठिकाणांच्या याद्यांची एक प्रत इमारतीबाहेर असावी आणि खोक्यांवर बाहेरून क्रमांक असावेत, म्हणजे वेचणाऱ्या स्वयंसेवकाला मजकूर वाचता आला नाही तरी क्रम टिकेल.

खड्डा पुराव्यासाठी इतकी वर्षं तसाच ठेवणं योग्य होतं का, यावर शहरात मतभेद होते. दुकानदारांना रस्ता हवा होता, प्रवाशांना गाडी. पण भिंत उघडी करून पाहिली नसती तर कारण 'ऱ्हाइनकाठची अवघड जमीन' एवढंच नोंदलं गेलं असतं, ६० कोटींची तडजोडही झाली नसती आणि पुढच्या खड्ड्यावर तीच माणसं त्याच पद्धतीने उभी राहिली असती. मार्गाला लागलेला उशीर त्या मानाने परवडला, असं माझं मत. सेवेरिन रस्त्यावर राहणाऱ्याचं ते नसेलही.